शिडाची बोट, आठ महिन्यांनंतर: बोट चांगली, पंपाचं झाकण वैतागाचं

आधीच सांगतो, बोट विकायची नाही. फेब्रुवारीत विकायला काढली होती, तेव्हा बऱ्याच जणांनी फोन केले. त्यांनी कृपया पुन्हा विचारू नये.

ऑक्टोबरात मी आणि मेहुण्यांनी मिळून ही २८ फुटी जुनी फायबरची बोट घेतली. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, एक डोलकाठी, दोन शिडं. या मापाच्या बोटींची बाकी माहिती सगळ्यांना ठाऊक असते, ती परत लिहीत नाही. मेहुणे मुंबईत नोकरीला आहेत आणि पंधरा वर्षांपासून शिडाच्या बोटींवर जातात. मी रावेर तालुक्यातला केळीवाला, पोहायला शिकलो तो विहिरीत. पण पाणी उपसणारं यंत्र असेल तर मला कोणी शिकवायला नको. विहिरीवरची मोटार, बोअरची सबमर्सिबल, ठिबकचे फिल्टर, सगळं स्वतःच्या हाताने खोललेलं आहे. म्हणून शिडांपेक्षा एका पंपाबद्दलच मी जास्त लिहिणार आहे, आणि मला वाटतं बोट घेणाऱ्याने तेच आधी वाचावं.

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढणारा जो छोटा पंप असतो, तो हा. आपल्या विहिरीवरच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं फिरतं चाक, धातूचा असतो. तो पाणी बाहेर फेकतो, पण आधी पाणी भरून हवा काढल्याशिवाय उचलत नाही. बोटीतला इम्पेलर रबराचा, सहा पात्यांचा, मुठीत मावेल एवढा. पंपाच्या आत एका अंगाला उंचवटा असतो. पातं तिथे आलं की वाकतं, पुढे गेलं की सरळ होतं, आणि त्या उघडझापीत पाणी ओढलं जातं. हवा काढायची गरज नाही, स्वतःच उचलतो. पहिल्यांदा खोलून पाहिला तेव्हा रचना मला फार आवडली. मात्र त्या रबराला वंगण म्हणजे पाणीच. पंप कोरडा चालला की मिनिटा-दोन मिनिटांत पाती भाजतात, मग तुटतात, आणि तुकडे पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे समुद्राचं पाणी इंजिनातलं गोडं पाणी जिथे गार करतं त्या भागाच्या, तोंडाशी अडकतात.

म्हणजे हा वरचेवर उघडून बघायचा भाग. सहा बारीक स्क्रू, एक चकती, एक कागदी गॅस्केट, एवढंच काम. आणि आमच्या बोटीत तो बसवला कसा? झाकणाचं तोंड मागच्या फळीकडे! फळी आणि झाकण यांच्यात माझी चार बोटं आडवी जातात, पाचवं जात नाही. स्क्रू दिसतच नाहीत. दाढीचा आरसा एका हातात धरायचा, बॅटरी दातात, आणि दुसऱ्या हाताने आखूड स्क्रूड्रायव्हर पाव-पाव फेरा फिरवायचा. आरशात उलटं दिसतं म्हणून स्क्रू सैल करतोय की आवळतोय हे दर वेळी मनात ठरवावं लागतं. ज्याने इंजिन बसवलं त्याने हे झाकण नंतर एकदाही उघडलं नसणार, हे मी छातीठोकपणे सांगतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर अलिबागजवळच्या मांडव्याच्या आसपास फिरलो, काही बिघडलं नाही. पुढचं शीड गुंडाळायची चरखी घट्ट होती, ती गोड्या पाण्याने धुतल्यावर सुटली. बॅटरी म्हातारी होती, बदलली. संडासाचा हातपंप ठीक. केबिनमध्ये मी सरळ उभा राहू शकत नाही, मेहुणे राहू शकतात.

जानेवारीत भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते, दिवस बघून रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला निघालो. अंतर साधारण १०० सागरी मैल, तीन दिवस हाताशी ठेवले. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, हे रावेरहून फोन करणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं. सोबत घरून बट्ट्या आणल्या होत्या. तुपात तळलेली बट्टी तीन दिवस टिकते, भिजत नाही, हलत्या बोटीत एका हाताने खाता येते. केळीची एक फणीही घेतली. बोटीवर केळी अपशकुनी, असं मेहुण्यांचे एक मित्र म्हणाले. गोऱ्या खलाशांची ती जुनी समजूत आहे म्हणे. मी फणी उतरवली नाही. जे पीक आमचं घर चालवतं ते अपशकुनी आहे, हे मी कोणाकडूनही ऐकून घेणार नाही.

पहाटे चारला मांडवा सोडलं. डोलीच्या, म्हणजे मासेमारीच्या रोवलेल्या जाळ्यांचे बोये (तरंगत्या खुणा) अंधारात दिसत नाहीत म्हणून एक जण पुढे बॅटरी घेऊन बसलेला. खांदेरीचं दीपगृह डाव्या हाताला ठेवून बाहेरून गेलो. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत भूगोलाच्या पेपरासाठी घोकले होते, या किनाऱ्यावर ते घड्याळ लावल्यासारखे येतात. रात्री जमीन गार पडते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून, दुपारी जमीन तापते म्हणून वारा समुद्राकडून. मधले दोन-तीन तास वारा पडतो, पाणी तेलासारखं चमकतं, आणि तेव्हाच इंजिन लागतं. पहिल्या दिवशी तासभर लागलं, नीट चाललं. पद्मदुर्ग आणि जंजिरा मागे टाकून राजपुरीच्या खाडीत नांगर टाकला.

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर ओलांडलं आणि वारा पडला. इंजिन सुरू केलं, मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते पाहिलं, पंपाने ओढलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. पडत होतं. आमच्याकडे हौदात धार पडलेली पाहिल्याशिवाय कोणी विहिरीवरून हलत नाही, ती सवय अंगात आहे. पण धार एकदा पाहून मी आत गेलो, आणि चुकलो ते तिथे. वीसेक मिनिटांनी इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. बाहेर येऊन बघतो तर पाणी नाही, नुसती पांढरी वाफ. इंजिन बंद केलं. बाणकोटच्या खाडीसमोर अकरा मीटर पाण्यात नांगर टाकला. बुडातला व्हॉल्व्ह उघडाच होता, जाळीत काही अडकलेलं नव्हतं. मग पंपच असणार.

पुढचे दोन तास मी कधी विसरणार नाही. बोट आडवी डोलतेय, आत डिझेलचा वास, इंजिन तापलेलं, दंड त्याला टेकला की चटका. आरसा घामाने धूसर व्हायचा. चौथा स्क्रू हातातून निसटून बुडाच्या पाण्यात गेला, तो चुंबकाला लागेना, शेवटी चाचपडून बोटांनी काढला. झाकण निघालं तेव्हा सहांपैकी तीन पाती जागेवर होती. दोन तुकडे पंपाच्या पुढच्या नळीत सापडले. तिसरा कुठेच नाही. जागेवर राहिलेल्या पात्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा, आणि तिन्ही एकाच बाजूला कायमची वाकलेली. त्या दिवशी मी पंप कोरडा चालवला नव्हता. हे रबर आधीच मेलेलं होतं. पावसाळ्यात बोट चार महिने जमिनीवर असते, इम्पेलर आत तसाच ठेवला की उंचवट्याखाली दाबलेली पाती तशीच राहतात.

सुदैवाने जुन्या मालकाच्या डब्यात एक कोरा इम्पेलर होता. भांड्यांचा साबण लावून, फिरण्याच्या दिशेने पाती दुमडून तो आत सरकवला. धार पडली, पण पूर्वीपेक्षा बारीक. तो तिसरा तुकडा कुठेतरी बसलेला असणार, म्हणून इंजिन जोरात चालवायचं नाही असं ठरलं.

आता भांडणाचं. विक्रीआधी मालकाने सप्टेंबरात मुंबईच्या एका दुकानाकडून इंजिनची सर्व्हिस करून घेतली होती. बिल आम्हाला दिलेलं आहे. त्यात ‘नवीन इम्पेलर’ म्हणून ४,२०० रुपये लावलेत. त्या झाकणापर्यंत पोहोचायला दोन तास लागतात हे त्या दुकानाच्या माणसालाही माहीत, म्हणून त्याने हात घातलाच नसणार असं माझं स्पष्ट मत आहे. फोन केला तर म्हणाले, “तुम्ही कोरडा चालवला असेल.” फोटो पाठवले, तीन आठवडे उत्तर नाही. मग पुढच्या सर्व्हिसला १० टक्के सूट देऊ म्हणाले. मला सूट नको, न केलेल्या कामाचे पैसे परत हवेत. आमच्या गावातला मोटार दुरुस्तीवाला बेअरिंग बदललं की जुनं बेअरिंग न मागता हातात ठेवतो. बोटीची सर्व्हिस करून घेणाऱ्या प्रत्येकाने जुना इम्पेलर मागून घ्यावा. देत नसतील तर बदललेला नाही असं धरून चाला.

या रागात मी बोट विकायला काढली. मेहुण्यांनी एवढंच म्हटलं, “दाजी, पंपाचा राग बोटीवर काढू नका.” तेव्हा ते पटलं नव्हतं.

इथून पुढचं मार्चनंतरचं मत आहे, आणि ते वेगळं आहे. ती मागची फळी बोटीचा भार घेत नाही हे तपासून घेतलं आणि सुताराकडून तिला वीतभर रुंदीची खिडकी पाडून घेतली, वर उघडतं झाकण. १,८०० रुपये. मग जळगावच्या एका लेथवाल्याकडून पितळेचे सहा स्क्रू करून घेतले, जाड डोक्याचे, बोटांनी फिरतील असे. हेही मेहुण्यांना पसंत नव्हतं, आणि त्यांचं बरोबर निघालं. मेमध्ये काढले तेव्हा टोकं गुलाबीसर झालेली होती. खारं पाणी पितळेतलं जस्त खातं, मागे नुसतं तांबं उरतं, आणि ते ठिसूळ असतं. आता तेच स्क्रू ३१६ नंबरच्या स्टेनलेसमध्ये केलेत. कागदी गॅस्केटही मूळ जाडीचंच लावतो, जाड लावलं की झाकण आणि पात्यांमध्ये फट पडते आणि ओढ कमी होते.

आणि एक्झॉस्टच्या रबरी नळीवर उष्णतेचा सेन्सर बांधलाय. इंजिनचा मूळ भोंगा आतलं गोडं पाणी तापल्यावर वाजतो, तोवर इम्पेलर गेलेला असतो. नळी आधी तापते. आमच्याकडे मोटार कोरडी चालू नये म्हणून स्टार्टरला ड्राय रनचं जे यंत्र बसवतात, त्याचंच हे काम. प्रत्येक बोटीत ते मुळातच असायला हवं.

आता इम्पेलर बघायला मला सात मिनिटं लागतात. मोजून.

राहिली शिडं. बाणकोटसमोर पंप जोडून वर आलो तेव्हा साडेबारा झाले होते, समुद्र आरशासारखा. मेहुण्यांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं. पाण्यावर एक काळसर रेघ हळूहळू आमच्याकडे सरकत होती. ती पोहोचली तसं लोंबकळणारं शीड एकदा फडफडलं, भरलं, आणि माझ्या हातातल्या सुकाणूच्या दांड्याला जीव आला. वारा पडल्यापासून तो लाकडाचा तुकडा होता, आता तो हाताला ओढत होता. नांगर काढला, इंजिन बंदच ठेवलं. साडेपाच-सहा नॉटने, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, हर्णैपर्यंतचे दहा मैल दोन तासांत गेलो, बोट एका अंगावर कललेली पण इतकी स्थिर की मेहुण्यांनी चहा केला. ज्या इंजिनाच्या नावाने मी चिडलो होतो, त्याच्याशिवाय ही बोट जास्त चांगली चालते. विकायला काढली त्या महिन्यात मी हे विसरलो होतो, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकला तेव्हा किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुरू होता. एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख, होडीतून जवळ आले, आमचं सगळं ऐकून घेतलं, तुटलेला इम्पेलर हातात घेऊन वाकवून पाहिला आणि म्हणाले, “हा दोन वर्षांचा तरी असेल.” कुठले विचारलं. रावेर म्हटल्यावर लगेच, “केळीचं रावेर?” उरलेली फणी त्यांना दिली. तिसऱ्या दिवशी वाटेत एकदाही इंजिन न लावता जयगडला पोहोचलो, फक्त खाडीत शिरताना दहा मिनिटं लावलं.

मेअखेर बोट पाण्याबाहेर काढली. इम्पेलर काढून पिशवीत घातला आणि ती पिशवी इंजिनच्या किल्लीला बांधली, म्हणजे तो बसवल्याशिवाय कोणी किल्ली फिरवणार नाही. हीट एक्स्चेंजरचं टोक उघडलं तर तिसरं पातं तिथे नळ्यांच्या तोंडावर आडवं बसलेलं. ते पातं, बाकीचा इम्पेलर आणि सप्टेंबरचं बिल एका डबीत ठेवलंय. ऑक्टोबरात बोट उतरवायला मुंबईला जाईन, तेव्हा ती डबी घेऊन आधी त्या दुकानात जाणार आहे.