टेकडीवरच्या चॅपेलला दिलेली एक सकाळ : ठाण्याहून निघणाऱ्या अभ्यास सहलीचा अनुभव

जुन्या गोव्याला मी याआधी चार वेळा गेले होते, आणि चारही वेळा बॉम जेझुस बॅसिलिका, रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल आणि परतीची बस एवढेच वाट्याला आले होते. त्याच परिसरात पूर्वेकडच्या टेकडीवर ‘अवर लेडी ऑफ द माउंट’ हे जुने चॅपेल उभे आहे, हे मला ठाऊकच नव्हते. नौपाड्यातील एका लहानशा अभ्यासगटाने गेल्या हिवाळ्यात काढलेल्या दोन दिवसांच्या सहलीत मात्र या एका वास्तूला अख्खी सकाळ राखून ठेवली होती, आणि केवळ तेवढे वाचून मी नाव नोंदवले. माणशी ५,८०० रुपयांत रेल्वेचे शयनयान तिकीट, एक रात्र मुक्काम, जेवण आणि स्थानिक प्रवास हे सगळे आले.

सहलीच्या आठवडाभर आधी ठाण्यातच दीड तासाचे व्याख्यान ठेवले होते, ते कोणीही चुकवू नये. आपल्या सहलीला मार्गदर्शन करणाऱ्या ताईंनी विषयाची सुरुवात गोव्यापासून न करता ठाण्याच्या किल्ल्यापासून केली. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे, तो किल्ला पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असते. पण बॉम जेझुसच्या दर्शनी भागातील कोरीव कामासाठी लागणारा काळा बेसाल्ट वसईच्या बाजूने समुद्रमार्गे गोव्याला गेला होता, हे ऐकल्यावर सभागृहात क्षणभर शांतता पसरली. गोव्यात सहज मिळणारा जांभा सच्छिद्र असल्यामुळे त्यात बारीक नक्षी टिकत नाही, आणि म्हणून नाजूक कामासाठी आपल्या उत्तर कोकणातला दगड न्यावा लागला.

कोकणकन्या एक्स्प्रेसने रात्री ठाण्याहून निघून सकाळी करमळीला उतरलो. जुन्या गोव्याचे जवळचे स्थानक हेच आहे. मडगावपर्यंत जाऊन उलटे यायची गरज नाही.

या सहलीचे सर्वांत मोठे श्रेय मी स्थळांच्या क्रमाला देईन. ताईंनी आम्हाला आधी पश्चिमेकडच्या टेकडीवर, अवर लेडी ऑफ रोझरीच्या चर्चपाशी नेले. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकताना पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्क याने लढाईवर इथून नजर ठेवली, असे तिथल्या स्मरणशिलेवर नोंदलेले आहे. त्यानंतर आम्ही पूर्वेकडे गेलो, कारण आदिलशाही सैन्याचा आणि तोफांचा तळ त्या टेकडीवर होता, आणि विजयानंतर नेमक्या त्याच जागी अल्बुकर्कने चॅपेल उभारले, असे परंपरा सांगते. एका टेकडीवरून दुसरीकडे पाहिले की मधली सपाट जागा म्हणजेच ज्यासाठी लढाई झाली ते शहर, हे कोणी न सांगता समजते. पुस्तकातला नकाशा पाहून मला हे कधीच उमगले नव्हते.

वर जाणारा मार्ग जांभ्याच्या लांबलचक पायऱ्यांचा आहे. वर पोहोचल्यावर मोकळे आवार, त्यात पांढऱ्याशुभ्र चुन्याने लिंपलेली जाड भिंतींची साधी इमारत आणि चारही बाजूंना झाडी. आजची इमारत नंतरच्या पुनर्बांधणीतून गेलेली आहे, त्यामुळे १५१० सालच्या भिंती पाहायला मिळतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगालच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या पुढाकाराने तिचा जीर्णोद्धार झाला. आत तीन वेदी आहेत. पुढे मोंते संगीत महोत्सवही याच आवारात भरू लागला.

माझे माहेर राजापूरकडचे असल्यामुळे जांभ्याच्या भिंती पाहतच मी लहानाची मोठी झाले, आणि म्हणूनच इथले गिलाव्याविषयीचे विवेचन मला सर्वाधिक भावले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो; पण सतत पाऊस झेलत राहिला तर त्याचे कण सुटू लागतात. चुन्याचा गिलावा ही त्याची त्वचा असते: ती ओलावा थोपवते आणि आत शिरलेला बाहेरही पडू देते. बॉम जेझुसचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात वास्तुरचनाकार बाल्ताझार काश्त्रु यांच्या कारकिर्दीत काढून टाकला गेला, आणि आज लाखो लोकांना आवडणारा तिचा तांबूस रंग म्हणजे खरे तर उघडा पडलेला दगड आहे. टेकडीवरचे पांढरे चॅपेल पाहून खाली उतरल्यावर त्याच बॅसिलिकेकडे पाहताना मला प्रथमच काळजी वाटली.

सकाळची वेळ निवडण्यामागेही विचार होता. सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि से कॅथेड्रलचे पूर्वाभिमुख दर्शन समोर उजळून निघते. त्याचा उजवीकडचा मनोरा १७७६ साली कोसळला, डावीकडचा तेवढा उरला, हे वरून स्पष्ट दिसते. त्याच्याही पलीकडे सेंट ऑगस्टीनचा सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा, एका बाजूला मांडवी, दिवाडी बेट, आणि बाकी सगळीकडे माडच माड. रोगराईने हे शहर ओस पडत गेले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीकडे मुक्काम हलवला, आणि चर्चच्या भोवतीची घरे दारे जाऊन केवळ देवालये राहिली. आम्ही तिथे वीस मिनिटे कोणीही काही न बोलता बसलो होतो. ताईंनीही ती वेळ शब्दांनी भरली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

उणिवा दोन आहेत आणि त्या दूर करता येण्याजोग्या आहेत. चॅपेलचे दार बहुधा बंद असते, आणि आतून पाहण्याची परवानगी आयोजकांनी आधी मिळवलेली नव्हती. त्यामुळे आम्हाला वेदींची छायाचित्रे दाखवून समजूत घालण्यात आली. ज्या वास्तूसाठी ठाण्याहून एवढ्या लांब यायचे, तिचे दार उघडले जाईल याची खात्री आधीच करायला हवी होती. दुसरे असे, की आमच्यात सत्तरी ओलांडलेले तिघे होते आणि पायऱ्यांची कल्पना त्यांना निघण्यापूर्वी कोणी दिली नव्हती. एक आजोबा अर्ध्यावरच थांबले. या दोन्ही गोष्टी मी आयोजकांना लेखी कळवल्या असून पुढच्या सहलीपूर्वी परवानगीचा अर्ज करू, असे त्यांनी उत्तरात म्हटले आहे.

ते दार उघडणार असेल, तर मी पाचव्यांदा झालेली ही भेट सहाव्यांदा करायला तयार आहे. ज्यांना एका दिवसात दहा ठिकाणे पाहायची आहेत, त्यांनी ही सहल घेऊ नये. सोबत पाण्याची बाटली आणि टोपी ठेवावी. वर दुकान नाही.