मास्टर्ससाठी फाफ्सा: फॉर्मला 4 स्टार, त्यातून निघणाऱ्या 'गरजे'ला 2

फाफ्सा म्हणजे अमेरिकन सरकारकडे शिक्षणासाठी मदत मागायचा फॉर्म. अमेरिकेत ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असलेल्यांसाठीच हा रिव्ह्यू, एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांना फाफ्सा लागू नाही, त्यांनी तोच वेळ असिस्टंटशिप (कॉलेजातलं शिकवण्याचं किंवा रिसर्चचं पगारी काम) शोधण्यात घालवलेला बरा.

फॉर्म फुकट आहे, आणि कन्सेंट दिला की टॅक्सचे आकडे थेट आयआरएसकडून (अमेरिकेचं टॅक्स खातं) येतात, कागद शोधत बसावं लागत नाही. मास्टर्स-पीएचडीवाले आपोआप इंडिपेंडंट, म्हणजे आईबाबांचा पगार, नाशिकचं घर कोणी विचारत नाही (मेडिकल, लॉची काही कॉलेजं स्वतःची मदत देताना विचारतात, ते वेगळं). नवऱ्याचा किंवा बायकोचा पगार मात्र धरतात हां! आणि पुण्यात तुमच्याच नावावर इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलेला फ्लॅट असेल तर तोही मालमत्तेत येतो. पोरंबाळं नसतील तर बचत-गुंतवणुकीचे 20 टक्के शिक्षणाला वापरता येतील असं गृहीत धरतात, राहतं घर आणि रिटायरमेंटचे पैसे तेवढे सुटतात.

यातून एसएआय (स्टुडंट एड इंडेक्स, तुम्हाला किती खर्च झेपेल याचा अंदाज) नावाचा आकडा निघतो, तो उणे 1500 पर्यंत खाली जाऊ शकतो. कॉलेजने धरलेला वर्षाचा खर्च, म्हणजे फी, भाडं, खाणंपिणं, पुस्तकं सगळं, त्यातून हा एसएआय वजा केला की झाली तुमची गरज.

आता एवढी गरज काढून करायचं काय? पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) बॅचलर्सवाल्यांना, सबसिडाइज्ड लोन (शिकत असताना व्याज सरकार भरतं ते) मास्टर्सला 2012 पासून बंद. मग गरज 40 हजार निघो नाहीतर 4 हजार, मिळतं ते अनसबसिडाइज्ड लोन, वर्षाला 20,500 डॉलरपर्यंत, जे गरज न बघताच देतात आणि पैसे हातात पडल्यापासून व्याज सुरू. वरचा खड्डा ग्रॅड प्लस या दुसऱ्या सरकारी लोनने भरायचे लोक, तेही जुलै 2026 पासून नवीन लोकांना बंद. राहता राहिलं वर्क-स्टडी (सरकारी मदतीतून मिळणारं पार्ट-टाइम काम) आणि कॉलेजची स्वतःची ग्रँट, असली तर.

सगळ्यात डोक्यात जाणारा नियम म्हणजे उत्पन्न दोन वर्षं जुनं धरतात, 2026-27 साठी 2024 चं. नोकरी सोडून शिकायला आलेला माणूस कागदावर अजून पगारदारच! अशा वेळी कॉलेजच्या एड ऑफिसला 'प्रोफेशनल जजमेंट' मागायचं, नोकरी सुटल्याचं पत्र आणि शेवटची पे स्लिप जोडायची, त्यांना आकडे बदलायचा अधिकार आहे, पण बदलतीलच असं नाही. आणि वर्क-स्टडीचे पैसे मोजकेच असतात, तेव्हा फॉर्म उघडला की लगेच भरून टाका.