पोर्टेबल हार्ड डिस्कवर बॅकअप: डिस्क उत्तम, केबल रद्दी

गेल्या महिन्यात घरच्या कॉम्प्युटरची मूळ हार्ड डिस्क गेली. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर आधीपासूनच धोक्याचा पिवळा रंग दाखवत होतं, सी५ची ओळ, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर, वाढत होती. मग एका सकाळी विंडोज सुरूच होईना. तरी बाबांच्या सातबारा-फेरफारांचे स्कॅन, ताईच्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं शूटिंग, मुलीचे फोटो, सगळं परत मिळालं. बॅकअपसाठी घेतलेल्या २ टीबीच्या पोर्टेबल डिस्कचं हे काम. तिला माझे पूर्ण गुण.

केबलला मात्र शून्य.

या डिस्कला यूएसबी ३.० मायक्रो-बी पोर्ट आहे, तो चपटा, दोन भागांचा. एका भागात जुन्या मोबाईलच्या मायक्रो यूएसबीसारख्या पाच पिना, शेजारच्या भागात आणखी पाच. सोबत आलेली केबल काही महिन्यांतच सैल पडली. टेबलाला हात लागला की विंडोजचा टुंग आवाज, डिस्क गायब, कॉपी अर्धवट. सर्व्हिस सेंटरला गेलो तर म्हणे, "डिस्क ओके आहे, केबल ॲक्सेसरी आहे, वॉरंटीत येत नाही." केबलशिवाय ही डिस्क चालत नाही, मग ती ॲक्सेसरी कशी? दोन चकरा झाल्या, उत्तर तेच. शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आखूड, जाड केबल स्वतःच्या पैशाने आणली आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावली. त्यानंतर एकदाही डिस्कचं कनेक्शन तुटलं नाही.

अडल्या वेळी मोबाईलची जुनी मायक्रो यूएसबी केबलही मोठ्या भागात बसते आणि चालते. फक्त वेग यूएसबी २.०चा. मोठ्या फाइलींचे ५०० जीबी सेकंदाला ३५ एमबीने कॉपी करायला चार तास लागतात, यूएसबी ३.०च्या केबलने, ११०च्या वेगाने, सव्वा तासात होतात. पोर्टला मात्र जपा. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डावरच असतो, आत साटा, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला आतून जोडायचा पोर्ट, नसतोच. असा पोर्ट तुटला तर डिस्क खोक्यातून काढून कॉम्प्युटरला लावायची सोयही उरत नाही.

विंडोजच्या फाइल हिस्टरीबद्दल, म्हणजे बदललेल्या फाइलींच्या जुन्या-नव्या प्रती आपोआप साठवणाऱ्या सोयीबद्दल, माझं मत साफ बदललंय. सुरुवातीला ते दर तासाला कशाला हवं, असं वाटायचं. आठवड्याला एकदा विंडोजच्याच रोबोकॉपी या कमांडच्या मिररने सगळं जसंच्या तसं उतरवत होतो. पण मिरर म्हणजे इकडे फाइल बिघडली की पुढच्या कॉपीत तिकडचीही बिघडलेलीच. सोसायटीच्या हिशेबाच्या एक्सेलमध्ये कुणीतरी जुन्या नोंदी पुसून सेव्ह केलं, ते बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. मिररमध्येही पुसलेलीच फाइल होती. चांगली प्रत सोबत चालू असलेल्या फाइल हिस्टरीत सापडली. तिचं फोल्डर साध्या एक्सप्लोररमध्ये उघडतं आणि प्रत्येक प्रतीच्या नावात तारीख-वेळ असते. वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, एवढं धरून शोधा. नवीन एसएसडीवर विंडोज टाकल्यावर 'आधीचा बॅकअप वापरायचा आहे' हा पर्याय निवडला आणि तिथूनच सगळं परत आणलं.

फाइल हिस्टरीची दोन सेटिंग आवर्जून बघा. प्रती 'कायम' ठेवायचं मूळ सेटिंग तसंच राहिलं तर डिस्क भरत जाते, मी एक वर्ष ठेवलंय. आणि डी ड्राइव्हवरचे फोल्डर फाइल हिस्टरी आपणहून घेत नाही, ते विंडोजच्या लायब्ररीत घालावे लागतात.

डिस्क सतत लावून ठेवत नाही. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस, आलं तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते, आणि पावसाळ्यात वीज पडून पॉवर सप्लाय उडाला तर दोन्ही डिस्क एकदमच जाऊ शकतात. संध्याकाळी काम चालू असताना लावतो, रात्री काढून कपाटात. रेड, म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी तीच प्रत लिहायची रचना, तर घरी नकोच. दोन डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच पॉवर सप्लायवर, आणि इकडे डिलीट केलेलं तिकडेही त्याच क्षणी डिलीट.

आता आणखी एक पोर्टेबल डिस्क घेतोय, नाशिकला ताईकडे ठेवायला. दुकानात पहिला प्रश्न पोर्टचाच असेल. टाइप-सी असेल तर दोन-तीनशे रुपये जास्त द्यायची तयारी आहे. हा मायक्रो-बी फुकट दिला तरी नको.