प्रिंटर ‘ऑफलाइन’ झाला, तर त्याचा आयपी कुठून काढायचा?

मे महिन्यात नागपुरात दुपारी लाईट जाते, येते. रामदासपेठेतल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात मग सगळं सुरू होतं, फक्त प्रिंटर ‘ऑफलाइन’. तो मात्र हिरवा दिवा लावून समोरच बसलेला! कारण बहुतेक वेळा साधं असतं. राउटर बंद होऊन चालू झाला की त्यातली डीएचसीपी ही सोय प्रत्येक उपकरणाला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, नव्याने वाटते. प्रिंटर १९२.१६८.१.१२ वरून १९२.१६८.१.१७ वर गेलेला असतो आणि संगणक जुन्याच दारावर थापा मारत बसतो.

नवा पत्ता काढायचे रस्ते बरेच, पण सगळ्यांवर सारखा भरवसा ठेवता येत नाही. माझं मत विचाराल तर आधी उठून प्रिंटरपाशी जा. स्क्रीन असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता दिसतो. नसेल तर बहुतेक मॉडेलांत एखादं बटण दाबून ठेवलं की कॉन्फिगरेशन पेज छापून येतं. कोणतं बटण, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. त्या कागदावर आयपीसोबत मॅक पत्ताही (उपकरणाचा स्वतःचा, राउटरने न दिलेला क्रमांक) असतो, तो कागद फेकू नका. आणि आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर शोधाशोध तिथेच थांबवा. प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल किंवा वायफाय बघा.

प्रिंटर वरच्या मजल्यावर असेल तर ब्राउझरमध्ये उघडणारं राउटरच्या सेटिंगचं पान बरं. खुर्चीत बसूनच जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. अडचण दोनच: पासवर्ड कुणाला आठवत नाही, आणि यादीतली नावं अगम्य असतात. तिथे तो जपलेला मॅक पत्ता कामी येतो.

विंडोजच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमधला पोर्ट्स टॅब लोक सगळ्यात आधी उघडतात. तिथे दिसतो तो संगणकाला ठाऊक असलेला पत्ता, प्रिंटरचा आजचा नव्हे. दोन्ही जुळले तर मात्र दुखणं दुसरीकडे आहे, एवढं कळतं. कमांड प्रॉम्प्टमधल्या एआरपी यादीचंही (कोणत्या आयपीला कोणता मॅक पत्ता, ते सांगणारी) तसंच: संगणक नुकताच ज्यांच्याशी बोलला, तेवढेच तिथे दिसतात.

मोबाइलवरची नेटवर्क स्कॅनर ॲप (नेटवर्कवरची उपकरणं शोधणारी) झटपट काम करतात. ज्या उपकरणाचं ९१०० पोर्ट (छपाईचं काम घ्यायचं नेटवर्कवरचं दार) उघडं, तो बहुधा प्रिंटर. पण क्लायंटच्या ऑफिसात न विचारता स्कॅन चालवू नका, उगाच बोलणी खावी लागतील.

पत्ता सापडला की खरा निर्णय पुढे आहे. प्रिंटरवरच कायमचा आकडा टाकायचा, की राउटरमध्ये मॅक पत्त्यावर तो राखून ठेवायचा? मी राउटरच्या बाजूने. प्रिंटरवर टाकलेला आकडा डीएचसीपीच्या टप्प्यात (राउटर आपोआप वाटतो त्या आकड्यांत) येत असेल, तर राउटर तोच उद्या कुणाच्या मोबाइलला देऊन मोकळा होतो. मात्र इंटरनेटवाल्याने राउटरची सेटिंग कुलूपबंद ठेवली असेल, तर टप्प्याबाहेरचा आकडा प्रिंटरवर टाकण्याशिवाय इलाज नाही. राउटर बदलला, की राखलेला पत्ताही गेला. शिवाय केबल आणि वायफायचे मॅक पत्ते वेगवेगळे असतात. केबलसाठी राखलेला पत्ता वायफायला मिळत नाही.

त्यानंतर ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकायची गरज नाही. प्रत्येक संगणकावर त्याच पोर्ट्स टॅबमध्ये नवा टीसीपी/आयपी पोर्ट (प्रिंटरचा पत्ता ठेवणारी नोंद) जोडून त्यात नवा आकडा भरा, टेस्ट पेज मारा.