विशेष मुलांसाठी घरी बाई पुरवणारा ब्युरो : एक तारा

पुण्यातल्या या ब्युरोच्या जाहिरातीत ‘विशेष मुलांसाठी प्रशिक्षित ताई’ असं लिहिलेलं होतं, म्हणून मी तिथे गेले. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तो बोलत नाही, स्वतःहून कूस बदलत नाही. त्याला ताठ बसवून, मान सांभाळून मऊ घास सावकाश भरवावे लागतात, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. हे सगळं मी नाव नोंदवतानाच लिहून दिलं होतं. बारा तासांच्या ड्युटीचे पैसे आगाऊ घेतले, नोंदणीचे वेगळे.

आलेल्या बाईंनी तोवर फक्त म्हाताऱ्या पेशंटची कामं केलेली. पोराला ठसका लागला की त्या घाबरायच्या, मग भरवायचंच टाळू लागल्या. वाटीतलं ओतून द्यायच्या आणि ‘सगळं खाल्लं’ सांगायच्या. लघवी गडद झाली, वजन उतरलं. डायपर तासन्‌तास तोच. माकडहाडाजवळची कातडी आधी लाल झाली, मग सोलली. ब्युरोला फोन केला तर उत्तर आलं, “मॅडम, बाई बदलून देतो. आम्ही फक्त माणूस पुरवतो.”

हे मला अजिबात मान्य नाही. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७५ मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करण्याला गुन्हा मानतं: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख दंड, किंवा दोन्ही. काळजी ज्या संस्थेवर सोपवली तिथला नोकर किंवा ती संस्था चालवणारा दोषी असेल, तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड. चालवणारासुद्धा! दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम ९२ तर ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी न देणाऱ्याला किमान ६ महिने कैद सांगतं.

पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेले, तर तिथे आधी फक्त बाईंचं नाव लिहून घेत होते. त्यांची चूक आहेच, पण न शिकवता त्यांना माझ्या लेकराजवळ बसवलं कुणी, आणि त्याचं कमिशन घेतलं कुणी? अर्जात मालकाचं नाव मी आधी लिहायला लावलं.

या ब्युरोकडे जाऊ नका. दुसरीकडे गेलात तर भरवण्याचं प्रशिक्षण कुठे झालं ते करारात लिहून मागा. शंका आली तर जखम आणि वजन डॉक्टरांकडून कागदावर घ्या, तारखेसकट फोटो ठेवा आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.