सायलेंट हिल २, पाच महिन्यांनंतर: कावळा कुणासाठी थांबलाय?

नोव्हेंबरात घेतला, आता एप्रिल लागलाय. सायलेंट हिल २ या भयकथेच्या व्हिडिओ गेमचा नवा अवतार मी प्लेस्टेशन ५ वर तीनदा पुरा केला आणि चौथी खेप चालू आहे. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर धुकं किती खरं वाटतं आणि आवाज किती अंगावर येतो एवढंच लिहून मोकळी झाले असते. पण हा खेळ संपल्यावर डोक्यात सुरू होतो. खालच्या मजकुरात कथेचं मर्म उघड केलंय. ज्यांना तो कोऱ्या मनाने खेळायचाय त्यांनी इथेच थांबावं, अगदी मनापासून सांगतेय.

मूळ खेळ कोनामीचा, २००१ चा, प्लेस्टेशन २ वरचा. नवा ८ ऑक्टोबर २०२४ ला आला आणि तो पोलंडच्या ब्लूबर टीमने घडवला. संगीत दोन्ही वेळा अकिरा यामाओकाचंच. खेळाचा नायक जेम्स संडरलंड याला मेरीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं पत्र येतं की मी आपल्या त्या जागी तुझी वाट बघतेय. मेरी तर तीन वर्षांपूर्वी आजारात गेली, असं तो सांगतो. तरी तो त्या गावी, सायलेंट हिलला, जातो.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या बाजूला. डिसेंबर-जानेवारीत इथे धुकं असं उतरतं की सकाळी गच्चीवरून किल्ला दिसतच नाही, एवढा डोंगर नाहीसा होतो. अशा रात्री रजई पांघरून, कानाला हेडफोन लावून मी खेळायचे. खिशातला रेडिओ खरखरायला लागला की जवळ काहीतरी आहे हे कळतं, पण कुठे आहे ते दिसत नाही. हेडफोनशिवाय हा खेळ खेळू नका, त्याचा निम्मा जीव आवाजात आहे. मारामारी मला जमायला वेळ लागला. सोपी पातळी घेतली तरी काही बिघडत नाही, कोडी आणि मारामारी यांची पातळी वेगवेगळी निवडता येते. मधला तुरुंगाचा भाग मात्र मला लांबलेला वाटला.

आता मुद्द्यावर येते. या खेळाच्या चाहत्यांनी वीस-बावीस वर्षं तर्क लढवलेत. काहींच्या मते जेम्स आधीच मेलाय आणि गाव म्हणजे नरकाची देवडी. मारिया, जी हुबेहूब मेरीसारखी दिसते, ती मेरीचं भूत, असं दुसरे म्हणतात. मारिया मरते, पुन्हा भेटते, आणि गजांमागे बसून हॉटेलमध्ये राहिलेल्या व्हिडिओ टेपबद्दल बोलते. ती गोष्ट फक्त मेरीलाच ठाऊक असायला हवी. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खेळ थांबवून पाणी पिऊन आले.

सगळ्यात गाजलेला तर्क फेऱ्याचा: जेम्स हे सगळं पुन्हा पुन्हा जगतोय. २००१ च्या खेळात एका खोलीत टीव्हीसमोर खुर्चीत मेलेला माणूस आहे आणि त्याच्यासाठी जेम्सचंच मॉडेल वापरलंय. नव्या खेळात काही जागी, जिथे जुन्या खेळात काहीतरी घडलं होतं, हात लावला की चित्र क्षणभर विस्कटतं आणि जेम्स काहीतरी आठवल्यासारखा थबकतो. त्यात ते २६ फोटो. गावात विखुरलेल्या प्रत्येक फोटोवर काही शब्द लिहिलेत. फोटोतल्या ठराविक वस्तू मोजायच्या आणि त्या आकड्याचं अक्षर त्या शब्दांतून उचलायचं. सव्वीस अक्षरं जुळली की इंग्रजी वाक्य तयार होतं: तू इथे दोन दशकं आहेस. दादा पुण्यात, मी इथे, दोघं फोनवर खिडक्या आणि दिवे मोजत बसायचो. निम्मी अक्षरं आमची आम्ही काढली, बाकीचं उत्तर वाचलं. ते वाक्य जेम्सला उद्देशून आहे, तसंच २००१ पासून हा खेळ मनात बाळगणाऱ्यांनाही आहे, असं मला वाटतं. दादा मात्र ते फक्त जेम्ससाठीच आहे यावर अडून बसलाय.

फेऱ्याचा तर्क मला पटतो, पण त्याचं कारण चाहते सांगतात त्याहून वेगळं आहे. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की सगळे ताटकळतात. मेलेल्याची काही इच्छा राहिली असणार, मग कुणीतरी पुढे होऊन शब्द देतं, मुलीचं लग्न करू, घर सांभाळू, आणि कावळा येतो. भुताची आपली कल्पना याच धाग्यावर चालते: अतृप्त असतो तो मेलेला. सायलेंट हिलमध्ये ते उलटं आहे. मेरीला काही नको आहे. अडकलाय तो जेम्स, जिवंत माणूस. आजाराने बिछान्याला खिळलेल्या बायकोच्या तोंडावर त्याने उशी दाबली आणि ते स्वतःपासूनच लपवलं. पिरॅमिड हेड, म्हणजे डोक्यावर पिरॅमिडसारखं शिरस्त्राण असलेला तो राक्षस, कुणाचं भूत नाही, जेम्सनेच बोलावलेली शिक्षा आहे. शेवटी तो स्वतःच म्हणतो की मी दुबळा होतो म्हणून मला तू हवा होतास. त्याने हे मान्य केल्यावरच त्याच्यासमोरचे दोन पिरॅमिड हेड स्वतःला संपवतात. शब्द दिला आणि कावळा शिवला, मला तरी ते असंच दिसलं.

आणि प्रत्येकाचं गाव वेगळं आहे. जेम्सला गावात भेटणारी अँजेला जळत्या जिन्यावर उभी राहून सांगते की मला हे नेहमी असंच दिसतं. लॉरा या लहान मुलीला मात्र काहीच दिसत नाही, ती रिकाम्या रस्त्यांवर एकटी बागडते, कारण तिच्या मनावर ओझं नाही. तारखेची गाठ सोडवते तीही लॉराच. मेरीने तिला लिहिलेल्या पत्रात आठव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत आणि लॉरा म्हणते, मागच्याच आठवड्यात मी आठ वर्षांची झाले. मग मेरी तीन वर्षांपूर्वी गेली कशी? एवढ्या भीषण खेळात माझ्या अंगावर खरा काटा आला तो या साध्या वाक्याने.

पहिल्या खेपेला माझा जेम्स गाडीसकट तळ्यात गेला. मी असा पर्याय कुठेच निवडला नव्हता. नंतर कळलं की खेळ आपली वागणूक मोजत असतो. जखमी अवस्थेत औषध न घेता फिरत राहायचं, अँजेलाचा चाकू काढून बघायचा, हे सगळं तो लक्षात ठेवतो. मी औषधं पुढे लागतील म्हणून वाचवत होते. खेळाने त्याचा अर्थ लावला की या माणसाला जगायचं नाही. भुतांचे सगळे तर्क एकीकडे आणि ही एक गोष्ट एकीकडे.

फेब्रुवारीत तिसरी खेप संपत आली होती. हेडफोनची चार्जिंग गेल्यामुळे आवाज टीव्हीवर होता आणि आई शेजारी मटार सोलत बसली होती. शेवटी मेरीचं लांब पत्र तिच्याच आवाजात ऐकू येतं. आईने विचारलं, काय म्हणतेय गं ती? मी थांबत थांबत मराठीत सांगितलं: आजारपणात मी तुझ्यावर ओरडले, तुला दूर ढकललं, तू माझ्यासाठी आयुष्य वाया घालवू नकोस. आणि त्याने काय केलं होतं तेही सांगितलं.

आमची आजी पक्षाघाताने चार वर्षं अंथरुणावर होती. सगळं आईने केलं. आई बराच वेळ सोलत राहिली, मग म्हणाली, "आता सुटाव्यात, असं माझ्या मनात एकदा नाही, कितीदा आलं. त्यांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला बघ. मी तिथेच उभी होते आणि मला वाटलं, यांना कळलेलं नाही."

मी टीव्ही बंद केला नाही, नावं सरकत राहिली. मग तिनेच विचारलं, "ती लहान मुलगी शेवटी एकटीच राहते का?"

म्हटलं, एका शेवटात तो तिला बरोबर घेऊन जातो.

"मग तो कर."

चौथी खेप त्यासाठीच आहे. ब्रुकहेवन हॉस्पिटलपर्यंत आलेय. जखम झाली की लगेच औषध घेते, चाकूला हात लावत नाही, आणि थोड्या थोड्या वेळाने मेरीचा फोटो उघडून बघते. आई रोज रात्री विचारते, कुठवर आलं?