घरच्या रेकॉर्डिंगसाठी रीपर: 60 डॉलरमध्ये काय मिळतं, कुठे अडतं

आवाज, पेटी, तबला घरीच रेकॉर्ड करायचं आणि बजेट बेताचं, तर पैसे माइकवर घाला आणि सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या. गाणी वाजवणारं विनॅम्प हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलच्या कॉकॉस कंपनीचं हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पहिले 60 दिवस सगळं खुलं असतं, ना ट्रॅकची मर्यादा, ना एक्स्पोर्टला कुलूप. पुढे घरगुती वापरासाठी 60 डॉलर, म्हणजे साधारण पाच हजार रुपये. मुदत संपल्यावरही ते बंद पडत नाही, उघडताना फक्त आठवण करून देतं. त्याचा फायदा घेऊन वर्षानुवर्षं फुकट वापरणारे बरेच आहेत. वापरणार असाल तर पैसे भरा, एवढ्या किमतीत दुसरीकडे इतकं मिळत नाही.

मॅकवाल्यांनी मात्र आधी ॲपलचं गॅरेजबँड पाहावं. ते फुकट आहे आणि वाद्यांचे आवाजही सोबत येतात. ऑडॅसिटी हे दुसरं सॉफ्टवेअर एकट्या आवाजाच्या कापाकापीला उत्तम, पण कीबोर्डवरून मिडी (आवाज नव्हे, कोणता सूर कधी दाबला याची नोंद) रेकॉर्ड करायचं असेल तर तिथेच अडतं.

पहिली तक्रार ठरलेली: ‘माझाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो.’ दोष सॉफ्टवेअरचा नसतो. विंडोजवर ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस इथे जाऊन ऑडिओ सिस्टिम एएसआयओ (उशीर कमी करणारी पद्धत) करा आणि इंटरफेससोबतचा, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीसोबतचा, ड्रायव्हर निवडा. बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती नमुने गोळा करून पुढे पाठवतो तो आकडा. सेकंदाला 48,000 नमुने (48,000 हर्ट्झ) आणि बफर 1024 असेल तर नुसत्या बफरमुळे एका बाजूला 21 मिलिसेकंद जातात. 128 केला तर तीनही नाहीत. गाताना 128, मिक्सिंगला 1024. बफर फार खाली नेला की जुना लॅपटॉप कटकट आवाज काढू लागतो, मग 256 वर या. आवाज दोनदा ऐकू आला तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज थेट हेडफोनला देणं) आणि ट्रॅकवरचं मॉनिटर बटण दोन्ही चालू आहेत. एक बंद करा.

आपल्या संगीतासाठी सगळ्यात घातक सेटिंग वेगळंच आहे. रीपरमध्ये मुळात ऑडिओ टेम्पोला, म्हणजे लयीच्या आकड्याला, बांधलेला असतो. अभंग मेट्रोनोमशिवाय गायलात आणि नंतर कुणी सहज 120 चा आकडा बदलून 90 केला, की अख्खं रेकॉर्डिंग ताणलं जातं. पट्टी तीच राहते, म्हणून चूक पटकन लक्षातही येत नाही. तबल्याची थाप मात्र चिकट लागते. ऑल्ट-एंटर दाबून प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा आणि टाइमबेस (ऑडिओ कशाला बांधायचा ते ठरवणारं सेटिंग) ‘टाइम’वर ठेवा. हे पहिला सूर लावण्याआधी.

तसंच सेव्हचं. प्रोजेक्ट आधीच सेव्ह करताना त्याचं वेगळं फोल्डर बनवण्याच्या चौकटीवर टिक करा. नाहीतर आवाजाच्या फायली दुसऱ्याच फोल्डरमध्ये साठतात आणि पेनड्राइव्हवर नुसती प्रोजेक्टची फाइल जाते. ती उघडल्यावर ट्रॅक दिसतात, आवाज नाही. जागा 24 बिट मोनोला मिनिटाला जेमतेम 9 एमबी लागते, तेव्हा कंजुषी नको. 24 बिटच ठेवा आणि मीटर सर्वांत जोरकस तानेलाही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या.

सोबतचे इफेक्ट दिसायला रुक्ष, कामाला चोख. पंख्याची घरघर काढायला रीआफिर आहे: मोड सबट्रॅक्ट करा, नॉइज प्रोफाइल बनवण्याची टिक लावा, कुणी गात नसतानाचे दोन-तीन सेकंद वाजवा आणि टिक काढा. टिक राहून गेली तर ते गाण्यालाच घरघर समजतं आणि आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो. रीट्यून आपोआप सूर दुरुस्त करतं खरं, पण मींड आणि आंदोलनाच्या पायऱ्या करून टाकतं. भावगीतातल्या एखाद्या घसरलेल्या सुरापुरतं हातानं वापरा, रागदारीत नकोच.

उणीव खरी आहे ती वाद्यांची. तयार लूप (पुन्हापुन्हा वाजवायचे तुकडे) नाहीत, सोबतचा सिंथ (कृत्रिम सूर काढणारं वाद्य) अगदी किडकिडा. कीबोर्डवरून स्ट्रिंग्ज, बासरी हवी असेल तर डिसेंट सॅम्पलरसारखी फुकट प्लगइन (रीपरमध्ये जोडायची छोटी सॉफ्टवेअर) शोधून बसवावी लागतात, आणि त्यात एक रविवार जातो. मेनूंची गर्दीही पहिले काही दिवस डोकं उठवते. तेवढ्यापुरते तीनच शॉर्टकट ठेवा: नवा ट्रॅक कंट्रोल-टी, रेकॉर्ड कंट्रोल-आर, आणि एमपी3 काढायला कंट्रोल-ऑल्ट-आर.